वाचक विचारतात : पेंढारी खरंच आपल्या गावावरून गेले होते का?

मागच्या अंकात जालन्याच्या जुन्या छावणीवर एक टिपण आले होते. त्यात पेंढाऱ्यांचा, म्हणजे मराठा फौजांमागून फिरणाऱ्या बिनपगारी लुटारू घोडेस्वारांचा, उल्लेख जेमतेम एका ओळीचा होता, पण आलेली निम्मी पत्रे त्या एका ओळीवरच आहेत. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या गढीच्या एका बुरुजाला 'पेंढारी बुरूज' म्हणतात. पेंढाऱ्यांपासून गाव वाचवायला तो बांधला असे म्हातारी माणसे सांगतात. हे खरे असेल का? तपासायचे कसे? — एक वाचक, गंगाखेड तालुका

असेलही, पण नावावरून साल काढू नका. आपल्याकडे घोड्यावरून येऊन लुटणारा कोणीही असो, पुढच्या पिढ्यांनी त्याला पेंढारीच म्हटले. मराठवाड्यातल्या बऱ्याच गढ्या देशमुख-देशपांड्यांच्या वतनाबरोबर उभ्या राहिल्या. वसुलाचे धान्य आणि घरची माणसे सुरक्षित राहावीत हा त्यांचा हेतू. शेजारच्या वतनदाराशी वैर हेही कारण असेच.

पेंढाऱ्यांपुढे मात्र गढी खरोखर कामाला येई. त्यांच्याकडे तोफ नसे, शिडी नसे आणि मुख्य म्हणजे वेळ नसे. एका गावापाशी दोन दिवस अडकले तर मागून फौज येणार. त्यामुळे वेस लावलेली, गावकूस धड आणि आत पाच-दहा तोड्याच्या बंदुका असल्या की ते वळसा घालून पुढच्या उघड्या गावावर पडत. भिंत पंचवीस फूट कशाला हवी? घोड्यावर उभे राहून हात पोचणार नाही एवढी उंची पुरे.

आता तपासणी. आधी बुरूज आणि भिंत यांचा सांधा पाहा. दोन्हींचे थर एकमेकांत गुंतलेले असतील तर दोन्ही एकाच वेळचे. मधे सरळ उभी फट असेल तर बुरूज मागाहून चिकटवला आहे, आणि मग तुमच्या गावच्या आठवणीत तथ्य असू शकते. दुसरे म्हणजे जंग्या, भिंतीतली मारा करायची भोके. भोक तिरपे खाली, भिंतीच्या पायथ्याकडे रोखलेले असेल तर ते जवळ आलेल्या माणसांसाठी आहे. समोर, दूर रोखलेले असेल तर बंदुकीसाठी. तिसरे, आत आड आहे का. आड नसलेली गढी म्हणजे काही तासांचा निवारा. घोडेस्वारांच्या धाडीला तेवढा पुरे, वेढ्याला नाही.

एक विनंती आहे. गढीची पांढरी माती शेतात टाकायला आणि माळवदावर घालायला नेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पायथ्याची माती नेली की वरचा भाग पुढच्या पावसाळ्यात बसतो. बुरूज पडायचे हे एक मोठे कारण, दुसरे पिंपळाच्या मुळ्या. झाड उपटू नका, बुंध्यापाशी कापा. उपटताना मातीचा ढिगाराच हातात येतो. आणि गढीत पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, सापडले तर झाकण काढून दिवसभर उघडे ठेवा, कंदील सोडून तो विझतो का ते पाहा. नाही विझला तरी एकट्याने उतरू नका. बंद पेवात कोंडलेल्या हवेने माणसे दगावतात.

पेंढारी दिवसाला ४०-५० मैल जात असे वाचले. आमच्याकडे घोडी आहेत, त्यामुळे हे पटत नाही. एवढ्या लोकांचा दाणागोटा कोण वाहायचा? — जालना

कोणीच नाही, आणि उत्तर तिथेच आहे. तंबू नाही, बाजार नाही, बैल नाहीत. स्वाराजवळ स्वतःपुरत्या थोड्या भाकऱ्या आणि घोड्याला काही वेळचे दाणे. वैरण शेतातली. दसऱ्यानंतर निघायचे म्हणजे वाटेत ज्वारी उभीच.

दसरा हाही हिशेबच होता. पावसाळ्यात नद्या भरलेल्या, काळ्या रानात घोडा गुडघाभर रुतणार. तेवढे महिने नर्मदेकाठच्या तळावर घोडी खाऊन तयार होत. पाणी उतरले, उतार चालू झाले की घोड्यांना नाल मारून घेत. मग त्या स्वारीपुरता एक हिकमती पुढारी निवडत. स्वारीला त्यांच्या बोलीत 'लुहबर' म्हणत आणि पुढाऱ्याला 'लुहबरिया'. यायचे त्याने यावे, सक्ती नाही.

४० ते ५० मैल म्हणजे ६५ ते ८० किलोमीटर. घोडा साध्या चालीने तासाला सहा-सात किलोमीटर जातो, दुडक्या चालीने बारा-तेरा. दोन्ही आलटून पालटून, मधे दम खाऊ देत दहा-अकरा तास चालवले तर हे अंतर पडते. रोज, आठवडाभर असे चालवायचे तर घोडा आधीपासून कसलेला हवा आणि पाठीवर ओझे नको. मसाला देऊन घोडे तयार करायची रीत त्या काळी होतीच. पाठलाग झाला तर ते ६० मैलांवरही जात, तेही तोफा-गाड्यांना अशक्य अशा आडवाटांनी.

सगळेच मात्र एकसारखे नसत. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा लिहून ठेवलेला अंदाज असा : हजारात साधारण ४०० जण बऱ्या घोड्यावर आणि हत्यारबंद. त्या चारशेतही पंधरा जणांमागे एकाकडे तोड्याची बंदूक, बाकीच्यांचा भरवसा १२ ते १८ फुटी भाल्यावर. आणखी ४०० निव्वळ लुटारू, मिळेल त्या घोड्यावर, हाताला येईल ते हत्यार घेऊन. उरलेले २०० गुलाम, नोकर, बुणगे, तट्टांवर. म्हणजे 'दहा हजार पेंढारी आले' असे कुठे वाचलेत तर लढणारे चार हजारच धरा. लढणे हा त्यांचा उद्देशही नव्हता.

बिघडायचे ते परतीला. जाताना ते डावे-उजवे न पाहता ठरल्या मुलखात पोचत आणि मग फुटून पसरत. येताना लुटीचे ओझे आणि हाकलून आणलेली गुरे असत, आणि गुरे घोड्याच्या चालीने चालत नाहीत. थकलेला घोडा, सैल झालेले नाल, खोगिराखाली लागलेली पाठ, हे सारे परतीलाच छळते. एरवीही त्यांना गाठायचे तर उतरलेले असताना. २६ डिसेंबर १८१६ रोजी मद्रास घोडदळाचा मेजर लशिंग्टन याने पुण्याकडच्या मुलखात एक टोळी पकडली, ती सुमारे सत्तर मैल सतरा तासांत तोडून. टोळी तेव्हा घोड्यांवरून उतरून स्वयंपाकाला लागली होती. पळणाऱ्याला चूल परवडत नाही.

नर्मदेचे उतार आणि अजिंठ्याचा घाट एवढेच रोखले असते तर एवढे मोठे युद्ध कशाला लागले असते? — सिल्लोड

तसा प्रयत्न झाला आणि फसला. मे १८१६ मध्ये नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांशी तैनाती फौजेचा तह झाला. मग कर्नल वॉकरच्या हाताखाली नर्मदेच्या दक्षिणतीरी सुमारे १५० मैलांची चौक्यांची रांग लावली. फौज होती सहा हजारांच्या घरात. हिशेब करा : मैलाला चाळीस माणसे, त्यात मुख्यतः पायदळ. पाऊस संपताच टोळ्या दोन चौक्यांमधून निघून गेल्या. पायदळाची तुकडी बातमी येऊन सज्ज होईतो घोडेस्वार वीस मैल पलीकडे. नर्मदेला उन्हाळ्या-हिवाळ्यात उतार किती, ते परिक्रमा केलेल्या कोणालाही विचारा.

यातून कंपनीने धडा घेतला की जाणाऱ्याला अडवून भागत नाही, त्याचे घर काढून घ्यावे लागते. घर म्हणजे माळवा आणि नर्मदेचे खोरे. तिथे बायकामुले, जनावरे, लुटीचा बाजार. टोळी परतली की माळव्यातल्या शहरांतले व्यापारी तळावर येऊन माल स्वस्तात उचलत. आणि त्या घराला शिंदे-होळकरांच्या मुलखाची सावली होती.

म्हणून १८१७ च्या पावसाळ्यानंतर कंपनीचा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने दोन बाजूंनी घेर टाकला. उत्तरेकडून त्याची स्वतःची मोठी फौज, दक्षिणेकडून जनरल हिस्लॉपची दख्खनची फौज. मिळून लाखावर माणूस आणि सुमारे ३०० तोफा. पेंढारी सगळे मिळून पंचवीस-तीस हजार! एवढा फौजफाटा केवळ त्यांच्यासाठी नव्हता हे उघड आहे. ५ नोव्हेंबर १८१७ हा एकच दिवस पाहा. ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांनी पेंढाऱ्यांविरुद्ध साथ द्यायच्या तहावर सही केली आणि त्याच दिवशी खडकीला पेशव्यांशी लढाई झाली. महिना संपायच्या आत नागपूरकर भोसल्यांशी सीताबर्डीची लढाई. २१ डिसेंबरला महिदपूरला होळकरांचा पराभव, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह. पेंढाऱ्यांचे आश्रयदाते संपले, मग पेंढारी संपायला दोन महिनेही लागले नाहीत.

आपल्याकडचा धागा म्हणजे इंग्रज सेनानी डव्हटन. जालन्याची फौज त्याच्याकडे होती, आणि दख्खनच्या फौजेच्या पाच डिव्हिजनांपैकी दुसरी त्याची. पण ती वऱ्हाडातून नागपूरवर गेली. डिसेंबर १८१७ मध्ये नागपूर घेणारा तोच. पेंढाऱ्यांच्या नावाने निघालेली फौज कुठे पोचली ते यावरून कळते.

फौजेचे सर्वांत मोठे नुकसान पेंढाऱ्यांनी केलेच नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये बुंदेलखंडात हेस्टिंग्जच्या तळावर पटकी (कॉलरा) शिरली आणि हजारो माणसे गेली. तळ हलवावा लागला.

पेंढारी हे इंग्रजांविरुद्धचे स्वातंत्र्यवीर होते, लूटमारीच्या कथा कंपनीने रचल्या, असे एका व्हिडिओत ऐकले. — लातूर

दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. कंपनीला युद्धाचे निमित्त हवे होते हे खरे. म्हणून लूट झाली नाही, हे खोटे.

मार्च १८१६ मध्ये टोळ्या पार कृष्णेपलीकडे गुंटूरकडे उतरल्या. तो कंपनीचा मुलूख, म्हणून नंतर चौकशी झाली. साडेअकरा दिवसांत ३३९ गावे लुटली गेली, १८२ माणसे मारली, ५०५ जबर जखमी झाली आणि ३,६०३ जणांचा छळ झाला, अशी नोंद आहे. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. मारलेल्यांच्या जवळजवळ वीसपट छळलेले. कारण त्यांना माणूस मारायचा नव्हता, पुरलेला पैसा कुठे आहे ते वदवायचे होते. घोड्याच्या तोबऱ्यासारख्या पिशवीत गरम राख भरायची, ती तोंडावर बांधायची आणि पाठीवर गुद्दे घालायचे, म्हणजे श्वासाबरोबर राख आत जाते. तापल्या लोखंडाने तळपाय भाजणे हा दुसरा प्रकार. यात रयतेसाठी कसले स्वातंत्र्य?

हे आकडे लंडनहून युद्धाची परवानगी मिळवायला उपयोगी पडले, तेही ध्यानात ठेवा. मोजणी झाली ती कंपनीच्या रयतेची. गुंटूरच्या वाटेवर निजामाचा मुलूख होता, पण त्या गावांसाठी असा आयोग बसला नाही.

पेंढारी, बारगीर, ठग, रोहिले. आमच्याकडे सगळे एकच समजतात. — अंबाजोगाई

बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा पगारी स्वार. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, पगार सरकारचा. पेंढाऱ्याचा घोडाही स्वतःचा, पण पगार नाही. फौजेमागे राहून शत्रूच्या मुलखात लुटायची त्याला मुभा, आणि त्या मुभेबद्दल लुटीतला वाटा तोच सरदाराला देणार. त्या वाट्याला 'पालपट्टी' म्हणत. शिंद्यांकडचे ते शिंदेशाही, होळकरांकडचे होळकरशाही. एका धर्माचे वा जातीचे ते नव्हते. त्यांचा एक बडा पुढारी चीतू जन्माने जाट होता.

शब्दाबद्दल दोन मते आहेत. एक, पेंढ्या लुटून आणणारा तो पेंढारी. दुसरे, 'पिंड' नावाच्या मादक पेयाच्या दुकानावर पडून असणारे म्हणून पिंडारी, असे कंपनीचा सेनानी मॅल्कम याने नोंदवले आहे. मराठी कानाला पहिले जवळचे वाटते. पण कानाला बरे वाटणे हा पुरावा नव्हे.

फौजेमागच्या या लोकांना स्वतंत्र बळ कसे आले, त्याचा एक नमुना आपल्या शेजारचाच आहे. बीड-धाराशिवच्या हद्दीला लागून असलेल्या खर्ड्याला ११ मार्च १७९५ रोजी निजामाचा पराभव झाला. करीमखान पेंढारी तेव्हा शिंद्यांच्या फौजेबरोबर होता. त्या मोहिमेत त्याने एवढी लूट मिळवली की ती छावणीत कोणी हिसकावून घेईल या भीतीने थोडी माणसे घेऊन तो परस्पर माळव्याकडे निघून गेला. पुढे तो नबाब म्हणवू लागला.

ठग निराळे. ते पायी, प्रवासी वेशात, गळा आवळून मारत. त्यांचा बंदोबस्त १८३० च्या दशकात कंपनीचा अधिकारी स्लीमन याने केला, तोही खबऱ्यांच्या जबान्यांवर, घोडदळाने नव्हे. रोहिले आणि अरब हे निजामाच्या मुलखातले भाडोत्री शिपाई. पगार थकला की गाव अडवून वसूल करत. तुमच्या भागात १८२० नंतरची लुटीची आठवण असेल तर आधी यांच्यावर संशय घ्या.

हदगाव तालुक्यातल्या नाव्ह्याचे नोवसाजी नाईक पेंढारी होते का? — हदगाव

नाही. नोवसाजी हे हटकर नाईक, स्वतःच्या मुलखात पाय रोवलेले, गढ्या-किल्ल्यांच्या आधाराने निजामाच्या सत्तेला झुगारणारे. पेंढारी तटाआड बसून लढणारे नव्हते. नाव्ह्याला मात्र जानेवारी १८१९ मध्ये तीन आठवडे वेढा चालला. मेजर पिटमनची फौज बाहेर, अरब शिबंदी आत. ३१ जानेवारीला हल्ला करून किल्ला घेतला आणि बहुतेक शिबंदी कापली गेली. वेढा घालणारी फौज निजामाच्या खर्चाची आणि इंग्रज हुकमतीखालची होती. पेंढाऱ्यांसाठी उभे केलेले हत्यार वर्षभरात इकडे वळले.

पेंढारी १८१८ मध्येच संपले. मग हिंगोली, अंबाजोगाई, औरंगाबादच्या छावण्या पुढे ऐंशी वर्षे कशासाठी? — धाराशिव

ज्याचे तुम्हाला उत्तर हवे आहे त्याची किंमत तुमच्याच जिल्ह्याने मोजली आहे.

निजामाकडे १८०० च्या तहाची तैनाती फौज, म्हणजे त्याच्या खर्चाने ठेवलेली कंपनीची फौज, होतीच. जालन्याची छावणी तिची. तिच्याशिवाय, पेंढाऱ्यांचा जोर असताना, १८१६ च्या सुमारास कंपनीचा हैदराबादेतला वकील, म्हणजे रेसिडेंट, हेन्री रसेल याने निजामाच्या घोडदळातून एक वेगळे घोडदळ बांधले. स्वार इथले, शिलेदारी पद्धतीने स्वतःच्या घोड्यावर, हुकमत कंपनीच्या अधिकाऱ्यांची, पगार निजामाचा. पेंढाऱ्यांना गाठायला तेच हवे होते, हलके आणि मुलूख जाणणारे. पेंढारी गेले, पण फौज मोडली नाही, वाढली. पायदळ आणि तोफा धरून तिचे हैदराबाद कंटिंजंट झाले. हिंगोली, औरंगाबाद आणि मोमिनाबाद, म्हणजे अंबाजोगाई, ही तिची ठाणी.

पगार महिन्याच्या महिन्याला हवा आणि निजामाचा वसूल तर सुगीला, तोही मक्त्याने दिलेला. मधली फट हैदराबादची पामर कंपनी ही सावकारी पेढी जबर व्याजाने भरून काढू लागली. १८२० मध्ये कर्ज ६० लाखांवर गेले. ते फेडायला १८२३ मध्ये निजामाने उत्तर सरकारच्या प्रांतांबद्दल कंपनीकडून दरसाल मिळणारी पेशकश, म्हणजे ठरलेली रक्कम, कायमची सोडली आणि १ कोटी १६ लाख ६६ हजार ६६६ रुपये घेतले. ते सावकारात गेले. फौज उभीच असल्याने पगार पुन्हा थकले, या वेळी उसने देणारी खुद्द कंपनी.

शेवटी मे १८५३ चा तह झाला. कंटिंजंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. नळदुर्गला मेडोज टेलर कारभारी म्हणून आला तो असा. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले, वऱ्हाड कधीच नाही. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांवर ते कायमच्या पट्ट्याने दिले गेले आणि लगोलग १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानच्या फौजेत विरघळले. चीतूला मरून तोवर चौऱ्याऐंशी वर्षे झाली होती.

चीतूला वाघाने खाल्ले ही दंतकथा ना? — परभणी

नव्हे. तो अप्पासाहेब भोसल्यांबरोबर असीरगडापर्यंत आला होता. १८१९ च्या आरंभी जवळच्या जंगलात त्याचा घोडा खोगिरासकट चरताना सापडला. खोगिराच्या पिशवीत २५० रुपये आणि शिक्क्याच्या अंगठ्या. माग काढल्यावर वाघाने ठेवलेले अवशेष मिळाले आणि शीर ओळख पटवायला मॅल्कमकडे नेले. करीमखान फेब्रुवारी १८१८ मध्ये मॅल्कमच्या स्वाधीन झाला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. वासिल महंमद या आणखी एका पुढाऱ्याने गाझीपूरच्या नजरकैदेत विष घेतले. शेख दुल्ला मात्र वऱ्हाड-सातपुड्यात फिरत राहिला. 'नीचे जमीन, ऊपर अल्ला, बीच में फिरे शेख दुल्ला' ही म्हण त्याचीच.

आमच्या गावावर धाड पडल्याचा कागद शोधायचा तर कुठे? — गेवराई

गाव तेव्हा पेशव्यांच्या अमलात होते की निजामाच्या, हे आधी ठरवा. गोदाकाठी एकाआड एक गावे वेगळ्या अमलात होती आणि कुठे दोन्ही अंमल एकाच गावात. पेशव्यांकडचे असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातले मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, निजामाकडचे असेल तर हैदराबादचे पुराभिलेखागार, तिथले दफ्तर फारसीत.

'पेंढारी' हा शब्द शोधत बसू नका. धाडीची नोंद बहुधा वसुलाच्या कागदात असते : 'गाव पायमाल', 'वैराण', सूट दिली, रयतेला कौल (अभयाचे व सवलतीचे वचन) देऊन पुन्हा वसवले. लागोपाठ तीन वर्षांचे जमाबंदीचे आकडे काढा. एकाच वर्षी शेजारच्या चार-पाच गावांचा वसूल कोसळला आणि पावसाची तक्रार कुठेच नसेल, तर धाडीचा संशय घ्यायला जागा आहे. १८०३-०४ चे साल मात्र वगळा, तेव्हा दुष्काळच होता.

सालात घोटाळा होतो तो असा. जुन्या कागदांवर फसली किंवा शुहूर ही वसुलाची साले असतात; फसली सालात ५९० मिळवा आणि शुहूर सनात ५९९, म्हणजे ते वर्ष सुरू होते तो इसवी सन येतो. दोन्ही वर्षे उन्हाळ्याच्या शेवटाला बदलतात, म्हणून हिवाळ्यातल्या धाडीचा जानेवारी-मार्चचा भाग पुढच्या इसवी सनात पडतो. १८१५-१६ च्या हिवाळ्यासाठी फसली १२२५ आणि शुहूर १२१६ पाहा. मोडी कागदावर हा आकडा अंकात नसतो, अक्षरांत असतो : 'सीत अशर मयातैन व अलफ', म्हणजे सोळा, दोनशे आणि हजार. एवढे शब्द ओळखता आले तरी अख्खा रुमाल न वाचता हवे ते वर्ष बाजूला काढता येते.